गुळगुळीत शेपटीचं घराणं

१. शेपटीवर गाठी किंवा कंगोरे असल्यास: हे घराणं नव्हे, इथेच थांबा.
शेपटी गुळगुळीत असल्यास: २ पाहा.

शाजली दारातून आत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर ओला टॉवेल होता, आणि तो इतका जपून चालत होता की विदादला क्षणभर वाटलं, किनाऱ्यावर कुणाचं तरी तान्हं मूल बुडालं. ती सूक्ष्मदर्शकावरून उठली. त्याने टॉवेल टेबलावर उलगडला. आत बोटफोडी होती, कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी.

कुसैर या किनाऱ्यावरच्या गावातले कोळी तिला बोटफोडी म्हणतात. कोळंबी म्हणावी तर कोळंबी नव्हे, खेकडा तर नव्हेच. पुढचे दोन हात घडी करून छातीशी धरून बसते, आणि ते उघडले की शिंपला फुटतो, हौदाची काच तडकते, जाळ्यातून सोडवायला गेलेल्याचं बोट फुटतं. लाल समुद्रात तिच्या कितीतरी जाती आहेत, आणि त्या सगळ्यांची ओळख पटवणं हे विदादचं काम. गावाच्या दक्षिणेला, जुन्या धक्क्याच्या पलीकडे, समुद्राच्या अभ्यासाचं एक छोटं केंद्र आहे. तिथल्या बाटल्यांच्या खोलीची ती राखणदार.

शाजली तिचा धाकटा भाऊ. आई गेल्यापासून दोघं किल्ल्यामागच्या घरात राहत. तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, दोघांचा मासे-भात रांधायचा आणि कांदा दरवेळी करपवायचा. त्याचा डावा डोळा जन्मापासून बाहेरच्या बाजूला वळलेला, आणि तो जागचा हलायचा नाही. शाजलीचा एक डोळा शेजारच्या सफागाला, दुसरा समुद्रापलीकडच्या जेद्दाला, हा कॉफीच्या दुकानातला विनोद इतका जुना होता की आता त्यावर हसायचं काम शाजली एकटाच करायचा. शाळेत त्याला मागे बसवलं, कारण मास्तरला कळेना हा फळ्याकडे बघतोय की खिडकीकडे. दोन ठिकाणी सोयरीक बोलली आणि दोन्हीकडे मुलीने डोळ्याचं कारण सांगितलं. विदादला पदवी मिळाल्यापासून तो तिला 'दक्तूरा', म्हणजे डॉक्टरीणबाई, म्हणायचा, चिडवताना आणि एरवीही.

“शेपटी बघ, दक्तूरा,” तो म्हणाला. “आरशासारखी आहे. तुझंच घराणं.”

शेपटी खरोखरच गुळगुळीत होती. बाकी सगळ्या बोटफोड्यांच्या शेपटीवर गाठी असतात. गाठ नसलेलं घराणं एकच, आणि ते जगात फक्त दोन बाटल्यांमध्ये होतं. पहिली बाटली विदादच्या गुरूंची, डॉक्टर फिक्रींची. विदाद लहान असताना अबाबदा टोळीतल्या करार नावाच्या माणसाने बोटाएवढी बोटफोडी आणून दिली होती, तिच्यावरून फिक्रींनी हे घराणं स्थापलं. दुसरी बाटली स्वतः विदादची. तळहाताएवढा नमुना अव्वाद नावाच्या कोळ्याने आणला, आणि तिने त्याची वेगळी जात केली. केंद्राकडे बक्षीस द्यायला कधी काही नसायचं, म्हणून तिथली रीत अशी पडली की नवी जात सापडली की आणणाऱ्याचं नाव तिला द्यायचं, लॅटिन शेपूट जोडून. करारच्या नावाची एक, अव्वादच्या नावाची दुसरी.

“कुठे मिळाली?”

“कुठे म्हणजे? तिथेच. धक्क्यासमोर, खडकाच्या कडेला ते बीळ नाही का, त्याच्या तोंडाशी. पडलीच होती. घे म्हणाली.” तो खुर्चीत बसला आणि त्याने पाय लांब केले. “तर आता माझं नाव. कागदावर कसं दिसतं ते एकदा लिहून दाखव मला.”

विदादने दोन्ही हातांनी नमुना उचलला, आणि तो तिच्या अपेक्षेपेक्षा फार वर आला.

२. उचलल्यावर हाताला वजन लागल्यास: प्राणी आहे, नेहमीप्रमाणे मोजमाप घ्या.
वजन न लागल्यास: ३ पाहा.

ती कात होती.

बोटफोडी वाढताना अंगावरचं कवच टाकून देते. डोक्यामागे आडवी चीर पडते, आतला मऊ जीव त्या चिरेतून निघून जातो, आणि मागे राहतं ते हुबेहूब त्याच्यासारखं दिसतं. हात, पाय, मिशा, डोळ्यांवरच्या काचासुद्धा. ही गोष्ट या विषयातल्या कोणालाही ठाऊक असते. टाकलेली कात पाण्यात मऊ पडते आणि तिच्यावरचे उंचवटे बसून जातात, हेही ठाऊक असतं.

ती बराच वेळ त्या गुळगुळीत शेपटीवरून बोट फिरवत राहिली.

मग तिने आतून दोन्ही बाटल्या आणल्या. ज्या नमुन्यावरून जातीला नाव मिळतं तो कापायचा नाही, टोचायचा नाही, बाहेर काढायचा तोही वर्षातून एकदा, स्पिरिट बदलताना, चिमट्याने. हा नियम फिक्रींनी तिला शिकवला आणि तिने पुढच्यांना. त्यामुळे तो नमुना हातावर घेऊन त्याला वजन आहे का, हे कोणी पाहिलंच नव्हतं. चिमट्याला वजन कळत नाही. तिने सुई घेतली आणि करारच्या बाटलीतल्या बोटफोडीच्या डोक्यामागे, जिथे आडवी बारीक रेघ होती तिथे, अलगद आत सरकवली. सुई कशालाच अडली नाही. अव्वादच्या बोटफोडीतही अडली नाही.

म्हणजे घराणं असं नव्हतंच. गुळगुळीत शेपटी हे घराण्याचं लक्षण नव्हतं, ते फक्त रिकामेपणाचं लक्षण होतं. दोन माणसांनी, त्यातली एक ती स्वतः, टाकून दिलेल्या कपड्यांना नावं दिली होती.

“काय झालं?” शाजलीने विचारलं. त्याचा उजवा डोळा तिच्यावर होता.

तिने सांगितलं की अजून बघायचंय, तू घरी जा, चहा ठेव. तो गेला. जाताना दारातून म्हणाला, नाव लांब पडत असेल तर बापाचं गाळ, त्याने तरी कुठे आपल्याला धरलं होतं.

३. डावीकडचा तिसरा पाय सरळ असल्यास: पहिली जात, करारच्या नावाची.
पाय सांध्यापासून बाहेर वळलेला असल्यास: ४ पाहा.

हे वाक्य तिनेच लिहिलं होतं. प्राण्यांच्या शास्त्रात ओळखपट्टी म्हणजे फाटे फुटत जाणारी वाट. असं असेल तर थांबा, तसं असेल तर पुढे जा. अव्वादचा नमुना करारच्या नमुन्यापेक्षा वेगळा का, याचं उत्तर तिने या एका पायावर दिलं होतं. करारच्या नमुन्याचा पाय सरळ, अव्वादच्या नमुन्याचा बाहेर वळलेला. चित्र काढलं होतं, छापून आलं होतं, लांबलांबच्या लोकांनी मान्य केलं होतं.

आता तिने तिन्ही काती एका पांढऱ्या थाळीत शेजारी शेजारी ठेवल्या. बोटाएवढी, तळहाताएवढी, हाताएवढी. शेपटीच्या उजव्या कोपऱ्यावर तिघींनाही एकच लहानसा खड्डा होता. त्याच जागी, त्याच आकाराचा, अंगाबरोबर वाढत गेलेला. दोन वेगळ्या प्राण्यांना असा खड्डा पडत नाही.

एकच प्राणी, एकाच बिळात, इतकी वर्षं. घराणंही तोच आणि त्यातल्या साऱ्या जातीही तोच.

एवढ्यावर तिला हसू आलं असतं. शास्त्रात अशा फजित्या होतात, त्यावर पुढच्या पिढीतला कोणीतरी एक सभ्य टीप लिहितो आणि प्रकरण मिटतं. पण तिची नजर त्या पायावर गेली आणि तिथेच राहिली. पहिल्या कातीचा पाय सरळ होता. मग प्राण्याचा पाय वाकडा झाला, आणि तिसऱ्या कातीतही वाकडाच राहिला. मोडला असता तर कात टाकताना नवा, सरळ आला असता. मोडका पाय पुन्हा उगवणं ही तर बोटफोडीची सगळ्यात सोपी गोष्ट.

करार लंगडा होता.

डावा पाय बाहेर टाकत चालायचा. लहानपणी बाजारातली सगळी पोरं त्याच्या मागून तसंच चालायची, विदादही. त्याने बोटफोडी आणून दिली, फिक्रींनी तिला त्याचं नाव दिलं, आणि त्याच उन्हाळ्यात तो खडकाच्या कडेला बुडाला. तो सापडला नाही. त्याची गलाबिया, अंगातला लांब झगा, तेवढी सापडली, पाण्यावर पसरलेली, गळ्याची बटणं लावलेली. बायका म्हणाल्या होत्या, बटणं लावलेल्या कपड्यातून माणूस कसा निघेल. पुरुष म्हणाले होते, समुद्र आहे.

४. उजव्या मुठीचं, म्हणजे पुढच्या फोडणाऱ्या हाताचं, टोक शाबूत असल्यास: दुसरी जात, अव्वादच्या नावाची.
टोक नसल्यास: ५ पाहा.

थाळीतल्या सगळ्यात मोठ्या कातीच्या उजव्या मुठीचं टोक नव्हतं. तुटल्यासारखं नव्हे. गोल, भरून आलेलं.

अव्वादच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर सुरुंगाच्या मासेमारीत गेलं होतं. तो केंद्रावर आला की त्या बोटाने काचेवर टकटक करायचा, कारण त्याचा आवाज वेगळाच येतो, असं त्याचं म्हणणं. नावाचा छापील कागद त्याने काचेच्या चौकटीत घालून घरी लावला. वर्ष उलटायच्या आत तोही त्या कडेला गेला आणि त्याचा सदरा तेवढा परत आला.

शाजलीने कात आणली त्याच दुपारी विदाद डॉक्टर फिक्रींकडे गेली. केंद्राच्या आवारातच त्यांची खोली होती. नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी भेटायला येणाऱ्याने पहिल्यांदा नमुना हातात द्यायचा, मग बोलायचं, ही सवय त्यांनी सोडली नव्हती. तिने कात त्यांच्या तळव्यांवर ठेवली. त्यांनी ती एकदा वर-खाली केली. मग त्यांचे हात तसेच थांबले.

तिने सगळं सांगितलं, सुईसकट. त्यांनी आधी शिक्षकासारखा वाद घातला. पाय हे लक्षण धरू नये, तो अपघात असू शकतो. टोक झिजतं, खडक असतो. मग त्यांची बोटं त्या गोल टोकावरून दोनदा फिरली.

“मोडीत काढ,” ते म्हणाले. “माझं घराणं, तुझी जात, सगळं. नवं नाव कोणालाही देऊ नकोस, पोरी. ही कोणी आणली?”

“माझ्या भावाने.”

“तो तुझा शाजली.” शाजली केंद्रावर यायला लागला तो यांची नजर गेल्यानंतर. त्यांनी त्याला नुसतं ऐकलं होतं. “त्याच्यात काही आहे का? त्याच्या अंगावर, ओळख पटेल असं?”

खिडकीबाहेर ऊन इतकं पांढरं होतं की समुद्र आणि आकाश यांच्यातली रेघ दिसत नव्हती.

“काही नाही,” विदाद म्हणाली.

५. नमुन्याला नाव दिल्यास:
न दिल्यास:

या ठिकाणी तिने पुढचे आकडे लिहिले नाहीत.

शाजलीने त्या दिवशी कांदा करपवला नव्हता. त्याने केस कापून घेतले होते. ताटं मांडून तो वाट बघत होता, आणि ती जेवायला बसेपर्यंत त्याने काही विचारलं नाही. विदादने ठरवलं होतं की खरं कारण सांगायचं नाही. लंगडा पाय आणि तुटकं बोट हे बोलून दाखवलं तर तो हसेल, आणि हसत हसत त्या बिळाकडे जाईल, हे तिला माहीत होतं. नाव दिलं तर जातो, हे दोनदा झालं होतं. नाव दिलं नाही तर राहील. याच्यापलीकडे तिला विचार करता येत नव्हता.

म्हणून तिने त्याला शास्त्र सांगितलं. ही जात नवी नाही. जुन्याही जाती नाहीत. तिन्ही एकाच प्राण्याच्या काती आहेत, कातीला नाव देत नाहीत, आधीची दोन दिली ती आमची चूक होती.

तो घास हातात धरून ऐकत होता.

“म्हणजे करारला मिळालं,” तो म्हणाला. “अव्वादला मिळालं. अव्वाद तर सही करायला अंगठा लावायचा. माझ्या वेळेला चूक सापडली.”

“तसं नाही रे.”

“मग कसं? समजाव ना, दक्तूरा. मागच्या बाकावरून जरा कमी ऐकू येतं.”

तिने समजावलं. आवाज चढू न देता, मुद्द्याला मुद्दा जोडत, जसं ती परीक्षकांना समजावायची. आणि त्या नादात तिच्या तोंडून गेलं की नुसत्या कातीवर काहीच सिद्ध होत नाही, त्यासाठी जिवंत प्राणी लागतो.

शाजलीने घास ताटात ठेवला. “म्हणजे तो अजून आत आहे.”

विदादला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. तिने त्याचा हात धरला. आईच्या कबरीची शपथ घे म्हणाली, त्या कडेला पाऊल टाकणार नाहीस. त्याने हात सोडवून घेतला नाही. एवढ्याशा किड्याला घाबरतेस होय, म्हणाला, बाटल्यांत राहून राहून तुझं डोकंही स्पिरिटात मुरलंय. ती रडायला लागली तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला.

“बरं. घेतली शपथ,” तो म्हणाला. “या डोळ्याची.” आणि त्याने डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं.

शुक्रवारी, दुपारच्या नमाजाला गाव मशिदीत असताना, ओहोटीच्या पाण्यात तो एकटा गेला. धक्क्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने त्याला पाहिलं. अंगात रबरी पोशाख आणि हातात कांद्याची जाळीदार पिशवी होती. म्हाताऱ्याने हाक मारून विचारलं, काय धरायला चाललास? शाजलीने पाण्यातून ओरडून सांगितलं, माझं नाव.

६. आत कोणी असल्यास: त्याच्या माणसांना कळवा.
आत कोणी नसल्यास: ७ पाहा.

पोहण्याचा काळा रबरी पोशाख कडेला वर आला. तटरक्षकांनी तो केंद्राच्या हौदाशेजारी सिमेंटवर आणून ठेवला, कारण ओळख पटवायला विदाद तिथेच होती. हात सरळ, पाय सरळ, छातीवरची चेन गळ्यापर्यंत लावलेली. पाणी निथळून गेलं तरी त्यात आकार शिल्लक होता, खांद्यांचा, गुडघ्यांचा. अधिकाऱ्याने विचारलं, हाच का? ती हो म्हणाली. मग ती गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हात पोशाखाखाली घालून तो उचलला.

तो फार वर आला.

मानेच्या मागे, केस संपतात त्या उंचीला, एक आडवी चीर होती. अधिकारी म्हणाला, खडकावर घासून फाटलं असणार. तिने त्या चिरेच्या कडा पाहिल्या. त्या बाहेरच्या बाजूला उलटलेल्या होत्या.

लोक आले, बायकांनी तिला घरी नेलं, आल्याची कॉफी पाजली, कुराण लावलं. कोणीतरी म्हणालं, समुद्र आहे. विदादने मान हलवली.

७.

पाणी पुन्हा तेवढंच उतरलं त्या दुपारी ती गेली. खडकाच्या पाठीवरून चालताना पायाखाली घोटाभर पाणी होतं, कोमट, चहासारखं. सावली कुठेच नव्हती, तिची स्वतःचीही नव्हती. धक्का मागे राहिला, मग खडक संपला आणि पुढे पाण्याचा रंग एकदम काळा झाला. त्या कडेच्या आतल्या अंगाला, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशा खोलीवर, बीळ होतं. ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठं होतं. माणसाचे खांदे तिरपे केले तर मावतील एवढं.

बिळाच्या तोंडाशी कांद्याची जाळीदार पिशवी अडकलेली होती, रिकामी, तोंड व्यवस्थित बांधलेली. बिळाच्या आतून आवाज येत होता. टक. थोडं थांबून, टक. भरून आलेल्या, बोथट टोकाने काचेवर मारावं तसा.

ती खडकावर पालथी झोपली आणि तिने तोंड पाण्याच्या जवळ नेलं. आधी काहीच दिसलं नाही. मग काळोखात दोन देठ हलले आणि त्यांच्या टोकाला दोन डोळे उजेडात आले. जिवंत बोटफोडीच्या डोळ्यात काळा ठिपका असतो आणि तो बघणाऱ्याकडेच वळलेला दिसतो. हे तिने वर्गात कितीदा शिकवलं होतं. उजव्या डोळ्यातला ठिपका तिच्याकडे वळलेला होता.

डावा डोळा बाहेरच्या बाजूला होता. पूर्वेकडे, उघड्या समुद्राकडे, जेद्दाकडे.

सगळ्याच बोटफोड्यांचे डोळे सुटे हलतात, ती स्वतःला म्हणाली. एक इकडे, एक तिकडे. हे सगळ्या गणाचं वैशिष्ट्य आहे. ओळखपट्टीत हे लक्षण धरत नाहीत. तिने हे मनातल्या मनात पूर्ण वाक्यात म्हटलं, जसं छापताना म्हणतात, आणि ती डोळा हलायची वाट बघत राहिली. पाणी तिच्या हनुवटीला लागलं. भरती सुरू झाली होती.

टक, आतून आलं.

ज्याला नाव द्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं, त्याच्यावर ती वाकलेली होती. ओठ खारट झाले होते.

“शाजली,” ती म्हणाली.

उजवा डोळा हळूच तिच्या तोंडाकडे वर आला. डावा हलला नाही. तो कधीच हलायचा नाही.